त्रयस्थ साक्षीदार

‘मी लिटरली मेले गं!’ लोकलच्या डब्यात हे वाक्य रोज कानांवर पडते. अर्थ एवढाच, की हसून हसून पुरेवाट झाली. इंग्रजीच्या शिक्षकांना ते खटकते. मला त्याचा राग येत नाही. मार्क ट्वेनने 1876च्या ‘टॉम सॉयर’मध्ये हा शब्द असाच सैल वापरला आहे. ऑक्सफर्डच्या कोशानेही 2011 साली तो अर्थ नोंदवला. कोशाचे काम नोंद ठेवण्याचे, निवाडा देण्याचे नव्हे. भाषा एका जागी स्थिर करू, अशा उमेदीने सॅम्युअल जॉन्सन कामाला लागला होता. 1755 साली कोश छापताना प्रस्तावनेत त्यानेच ती आशा सोडून दिली.

आपण तरी वेगळे काय केले? संस्कृतातली ‘शिक्षा’ म्हणजे शिकवण. मराठीत तिचा दंड झाला. फारसीतला संमतीचा कागद असलेला ‘राजीनामा’ आपल्याकडे नोकरी सोडताना देतात. यात मराठीचे काही बिघडले नाही.

बिघडते ते ‘डिसइंटरेस्टेड’सारख्या शब्दाचे. ‘मुलगा अभ्यासात डिसइंटरेस्टेड आहे,’ असे आपण सहज म्हणतो, म्हणजे त्याला गोडी नाही. त्यासाठी ‘अनइंटरेस्टेड’ आहे की! कोर्टात मात्र डिसइंटरेस्टेड साक्षीदार म्हणजे त्रयस्थ. निकाल कसाही लागो, त्याचे त्यात काही अडकलेले नसते. नात्यातल्या साक्षीदाराची जबानी न्यायाधीश जास्त बारकाईने तपासतात, या त्रयस्थाच्या शब्दाला वजन देतात. तोच शब्द ‘कंटाळलेला’ या अर्थाने वाचला, तर त्या साक्षीची सगळी किंमतच जाते.

सतराव्या शतकात हा शब्द ‘गोडी नसलेला’ याही अर्थाने चालत होता, असा दाखला काहीजण देतात. दाखला खरा आहे. पण पुढे लिहिणाऱ्यांनी दोन शब्दांना दोन कामे वाटून दिली आणि ती वाटणी उपयोगी ठरली. उपयोगी भेद सोडून देणे हा निव्वळ तोटा आहे.

मराठी माध्यमातून वकिलीकडे वळणाऱ्या मुलांची मला म्हणूनच काळजी वाटते. तालुक्याच्या कोर्टात जबानी मराठीत होते आणि अपील उच्च न्यायालयात गेले, की तेच कागद इंग्रजीत न्यावे लागतात. ‘त्रयस्थ’ला तिथे कोणता शब्द बसवायचा, हे रील बघून कळत नाही. या मुलांना पहिल्याच वर्षी कोशाबरोबर निकालपत्रांची पाने वाचायला द्या, एकेका शब्दावर थांबून.