चाळीस लाखांच्या गाडीला माफी, नव्वद हजारांच्या दुचाकीला कर

मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्र सरकारने ३० लाख रुपयांपेक्षा महाग इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के मोटार वाहन कर लावण्याचा प्रस्ताव मांडला. महिना संपायच्या आत मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत हा कर मागे घेत असल्याचे जाहीर केले. यातून फारसा महसूल मिळणार नाही आणि इलेक्ट्रिक वाहनांच्या धोरणाबद्दल चुकीचा संदेश जाईल, असे कारण दिले गेले. त्याच अर्थसंकल्पात सीएनजी आणि एलपीजीवरच्या खासगी चारचाकींचा कर १ टक्क्याने वाढवला होता. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांवर, म्हणजे बाजारात भाजी आणि गल्लीत सिलिंडर पोचवणाऱ्या टेम्पोंवर, ७ टक्के एकरकमी कर लावला होता. हे दोन्ही निर्णय टिकले. मागे घेतला तो फक्त श्रीमंतांच्या गाडीवरचा कर.

या विषयावर बोलू लागले की लगेच दोन बाजू पडतात. एक म्हणते, इलेक्ट्रिक गाडी रस्ता वापरतेच ना, मग तिनेही कर भरावा. दुसरी म्हणते, पेट्रोलची गाडी धूर ओकते, तिने जास्त भरावा. दोन्ही बाजूंनी बोलणारे बहुतेक जण गाडीवाले असतात. बसच्या रांगेत उभा असलेला माणूस या वादात कुठेच नसतो. आम्हाला हा प्रश्न त्याच्या बाजूने मांडायचा आहे.

आधी हिशेब बघू. महाराष्ट्रात पेट्रोलच्या दुचाकीवर इंजिनाच्या क्षमतेनुसार १० ते १२ टक्के कर आहे. पेट्रोलच्या खासगी चारचाकीवर किमतीनुसार ११ ते १३ टक्के. इलेक्ट्रिक वाहनाला पूर्ण माफी. म्हणजे नाक्यावर प्लंबिंगचे काम शोधणारा आमचा भाऊ ९० हजारांची मोटारसायकल घेतो तेव्हा ११ टक्क्यांनी सुमारे ९,९०० रुपये रोड टॅक्स भरतो. बहुतेकदा तेही कर्ज काढून. ४० लाखांची इलेक्ट्रिक गाडी घेणारा शून्य रुपये भरतो. मागे घेतलेला ६ टक्के कर लागू झाला असता तर त्याला २ लाख ४० हजार भरावे लागले असते. तेवढ्याच किमतीची पेट्रोलची गाडी घेतली असती तर १३ टक्क्यांनी ५ लाख २० हजार. एका माणसाला सोडलेल्या ५ लाख २० हजारांत पन्नासहून जास्त मोटारसायकलींचा रोड टॅक्स बसतो.

जीएसटीचीही हीच गोष्ट. इलेक्ट्रिक गाडी ८ लाखांची असो की १ कोटीची, जीएसटी ५ टक्केच. सप्टेंबर २०२५ मध्ये दर बदलल्यानंतर ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलवर १८ टक्के आहे आणि साध्या सायकलवर ५ टक्के. म्हणजे कोटीची इलेक्ट्रिक गाडी आणि शाळेला जाणाऱ्या मुलीची सायकल कराच्या एकाच पायरीवर. याला समता म्हणायचे का? असमान माणसांना समान वागवणे म्हणजे असमानता टिकवणे, हे आपल्या चळवळीला नव्याने सांगायला नको.

दुचाकीवाला फक्त गाडी घेतानाच कर भरून सुटत नाही. तो पेट्रोल भरतो तेव्हा केंद्राचे उत्पादन शुल्क देतो आणि त्यावर राज्याचा व्हॅटही देतो. जुलै २०२४ पासून मुंबई-ठाण्यात हा व्हॅट २५ टक्के आणि वर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे असा आहे. रस्ता वापरण्याची किंमत तो रोज, लिटरच्या मापाने मोजतो. त्यामुळे पेट्रोलवाले फुकटात प्रदूषण करतात, हे म्हणणे खरे नाही.

आता कुणी म्हणेल, इलेक्ट्रिक स्कूटरलाही माफी आहे, गरिबाने ती घ्यावी. घ्यावी जरूर. पण चार्जिंग कुठे करायचे? इलेक्ट्रिक गाडीची सवलत वापरायला आधी स्वतःची पार्किंगची जागा लागते, त्या जागेपर्यंत आलेली वीज लागते आणि सोसायटीची परवानगी लागते. दहा बाय पंधराच्या खोलीत सहा माणसे राहतात आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी लागते, तिथे रात्रभर वायर कुठून ओढणार? जिथे वीजमीटरच मालकाच्या नावावर आहे, तिथला भाडेकरू कुणाकडे जाणार? कागदावर सवलत सगळ्यांना आहे. ती वापरता मात्र त्यालाच येते ज्याच्याकडे आधीपासून जागा आहे. या देशात जागा कुणाकडे आहे आणि गावकुसाबाहेर कुणाला ठेवले, हे सांगायची गरज नाही.

टोलमाफीत हे आणखी उघडे पडते. राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणानुसार मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग या तीन रस्त्यांवर इलेक्ट्रिक चारचाकींना आणि बसना टोल माफ आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अटल सेतूवर ती लागूही झाली. तिथे मोटारीला एका फेरीचे २५० रुपये लागतात. या तिन्ही रस्त्यांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. तिन्हींवर दुचाकी आणि रिक्षाला प्रवेशच नाही. म्हणजे सरकारने टोलमाफीसाठी असे रस्ते निवडले जिथे गरिबाचे वाहन चढूच शकत नाही. त्या रस्त्यांवर तो जातो तो एसटीने. डिझेलवरची एसटी टोल भरते आणि तो पैसा शेवटी तिकिटातूनच येतो. वर एसटीच्या तिकिटातून राज्य सरकार वर्षानुवर्षे १७.५ टक्के प्रवासी कर घेत आले आहे. चाळीस-पन्नास माणसे घेऊन जाणारी एसटी कर आणि टोल दोन्ही देते. एका माणसाला घेऊन जाणारी महागडी गाडी दोन्हींतून सुटते.

त्याच वर्षाचा क्रम नुसता ओळीने लावून बघा. जानेवारी २०२५ मध्ये एसटीचे भाडे जवळपास १५ टक्क्यांनी वाढले. फेब्रुवारीत मुंबईत रिक्षाचे किमान भाडे २३ रुपयांवरून २६ रुपये झाले. मार्चमध्ये ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांचा कर घोषित झाला आणि मार्चमध्येच मागे घेतला गेला. मे महिन्यात बेस्टच्या साध्या बसचे किमान तिकीट ५ रुपयांवरून थेट १० रुपये झाले. भाडेवाढ करताना कुणाला ‘चुकीचा संदेश जाईल’ असे वाटले नाही. घरकामाला जाणारी बाई सकाळ-संध्याकाळ बस बदलत जाते, तिला दुप्पट भाड्यातून काय संदेश गेला असेल?

महसूल फारसा मिळणार नाही, हे सरकारचे दुसरे कारण. महागड्या गाड्या थोड्या, म्हणून त्यांचा कर सोडला. दुचाकी लाखोंनी, म्हणून त्यांचा कर ठेवला. याचा सरळ अर्थ असा की गरिबांकडून कर घेतला जातो तो ते संख्येने जास्त आहेत म्हणून. श्रीमंतांसाठी तर कराला कमाल मर्यादासुद्धा आहे. गाडी कितीही कोटींची असो, एकरकमी कराची मर्यादा पूर्वी २० लाख होती, याच अर्थसंकल्पात ती ३० लाख केली. दुचाकीवाल्याला अशी कुठली मर्यादा आहे?

हा युक्तिवाद नवा नाही. फेब्रुवारी १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी शेतसाऱ्याच्या अन्यायावर बोट ठेवले होते. उत्पन्न नसेल तर प्राप्तिकर द्यावा लागत नाही, पण शेतकऱ्याला पीक येवो न येवो, जमीन एक एकर असो की शंभर, सारा भरावाच लागतो, हा भेद त्यांनी सरकारपुढे ठेवला. ऐपत बघून कर घ्या, हे त्यांचे म्हणणे होते. त्याआधी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी दाखवून दिले होते की सरकारी तिजोरी भरते कष्टकऱ्यांच्या घामाने आणि शिक्षणावरचा पैसा जातो वरच्या वर्गाकडे. तिजोरी कोण भरतो आणि सवलत कोण उचलतो, हे दोन प्रश्न आमच्या चळवळीने दीडशे वर्षे विचारले आहेत. रोड टॅक्सलाही तेच विचारायचे.

आम्ही इलेक्ट्रिक वाहनांच्या विरोधात नाही, हे स्पष्ट सांगतो. धुराचा पहिला मार आमच्याच वस्त्यांना बसतो. हमरस्त्याच्या कडेला, नाक्यावर, उड्डाणपुलाखाली कोण राहते? शहराच्या दुसऱ्या टोकाचे प्रकल्पग्रस्त माहुलमध्ये रिफायनऱ्यांच्या शेजारी आणून टाकले, त्यांनी त्या हवेविरुद्ध उच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. पण ‘शून्य प्रदूषण’ या शब्दावरही आमचा विश्वास नाही. महाराष्ट्राची वीज अजून मोठ्या प्रमाणात कोळशातून येते. मुंबईतल्या गाडीचा धूर नळकांड्यातून निघत नाही, पण त्या विजेची राख चंद्रपूर आणि कोराडीच्या आसपासच्या गावांत पडते. दक्षिण मुंबईची हवा सुधारावी म्हणून विदर्भातल्या शेतमजुराने राख गिळायची असेल, तर निदान गाडीवाल्याने कर तरी भरावा.

महाग गाड्यांवर कर लावला तर इलेक्ट्रिक वाहनांचा प्रसार थांबेल, असेही सांगितले जाते. पण या देशात सर्वाधिक विकली जाणारी इलेक्ट्रिक वाहने दुचाकी आणि तीनचाकी आहेत. प्रसार तिथे होतो आहे. ४० लाखांची गाडी घेणारा अडीच लाखांच्या करामुळे माघारी फिरेल, हे पटणारे नाही. कर्नाटकने २०२४ मध्ये २५ लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर १० टक्के कर लावला. केरळने २०२५ मध्ये किमतीनुसार टप्पे केले, २० लाखांवर १० टक्के. इलेक्ट्रिक गाड्यांत जगात पुढे असलेल्या नॉर्वेनेही २०२३ पासून ५ लाख क्रोनरच्या वरच्या किमतीवर मूल्यवर्धित कर लावायला सुरुवात केली. पर्यावरण आणि न्याय एकत्र सांभाळता येतात. महाराष्ट्राची अडचण इच्छेची आहे.

संविधानाच्या कलम ३८ मध्ये उत्पन्नातील विषमता कमी करण्याचे काम राज्यावर सोपवले आहे. कलम ३९ संपत्ती मोजक्या हातांत एकवटू नये असे सांगते. या कलमांवर हात ठेवून आमच्या मागण्या अशा आहेत.

एक, रोड टॅक्सची माफी इंधनाबरोबर किमतीवरही ठरवा. स्वस्त इलेक्ट्रिक दुचाकी, रिक्षा, टेम्पो आणि छोट्या गाडीला माफी ठेवा. ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाडीवरचा कर परत आणा, आणि गाडी जितकी महाग तितका दर वाढवा.

दोन, कमी क्षमतेच्या पेट्रोल दुचाकीवरचा कर कमी करा. ती चैनीची वस्तू नाही, रोजीचे साधन आहे.

तीन, टोलमाफी आधी प्रत्येक सार्वजनिक बसला द्या, ती कुठल्याही इंधनावर चालत असो. एसटीवरचा प्रवासी कर रद्द करा.

चार, महागड्या गाड्यांच्या करातून येणारा पैसा वेगळा ठेवा. त्यातून वस्त्यांमध्ये सार्वजनिक चार्जिंगची सोय करा आणि एसटी, बेस्टच्या ताफ्यात बस वाढवा.

पाच, वीज जिथे तयार होते तिथल्या राखग्रस्त गावांना यातला वाटा द्या.

रस्ता सार्वजनिक आहे. त्या रस्त्यावरून चालण्याच्या हक्कासाठीसुद्धा या देशात माणसांना सत्याग्रह करावा लागला, १९२४ चे वायकोम आठवा. आज रस्ता सगळ्यांचा झाला, पण त्याचे बिल अजून पायी चालणाऱ्याच्या आणि बसच्या रांगेतल्या माणसाच्या नावाने फाटते. पुढच्या अर्थसंकल्पाआधी आपल्या आमदाराला हा एकच प्रश्न विचारा: ४० लाखांच्या गाडीला माफी देताना माझ्या बसचे तिकीट दुप्पट का केले?

जय भीम!