गोल संपला!

मुळशीतल्या एका शाळेत शनिवारी गणित शिकवायला जातो. परवा चौथीतल्या पोरीने गोलाच्या चार भागांपैकी तीन झकास रंगवले. म्हटलं, आता पाच चतुर्थांश दाखव. "सर, गोल संपला!"

आता बोला! हीच पोरगी दुकानातून सव्वा किलो साखर आणते. सव्वा म्हणजेच पाच चतुर्थांश, हे तिला कुणी सांगितलंच नाही. पूर्वी पंतोजी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी घोकून घेत. घोकंपट्टीच ती, मान्य. पण अपूर्णांक एकाच्या पुढेही जातो, हे पोरांना ठाऊक होतं. आपण रंगकाम शिकवतो. मग अर्धा अधिक एक तृतीयांश विचारलं की पोरं रंगवलेले भाग मोजून दोन पंचमांश सांगतात. अर्ध्याहूनही कमी! चूक पोरांची नाही हो, चित्राची आहे.

पुढच्या शनिवारी दोरी, फूटपट्टी आणि तराजू नेतोय. खडू घरीच.