वाफेवरचा अख्खा मासा

घरी मासळी आली की आनंद सगळ्यांना होतो, पण एका व्यक्तीला ती गरम खायला मिळत नाही. तव्यावर तुकड्या तळल्या जातात, त्या एकेक करून दस्तरखानावर पोहोचतात, मुलं "अम्मी, अजून एक" म्हणतात आणि अम्मी तव्यापाशीच उभी असते. ती बसते तेव्हा शेपटीकडचा तुकडा उरलेला असतो, तोही गार. म्हणून या महिन्यात आम्ही अशी कृती देत आहोत, जिच्यात तव्यापाशी कुणाला थांबावं लागत नाही.

ही रीत फिलिपिन्स देशातली. आपल्या भागातून नोकरीसाठी आखातात गेलेल्यांना फिलिपिनो सोबती भेटतातच. त्यांच्या घरात अख्खा मासा आलं, कांदा आणि टोमॅटो पोटात भरून वाफवतात. त्यासाठी तिथे सर्रास वापरला जाणारा एक मासा म्हणजे तिलापिया, आपली चिलापी! हा मूळचा आफ्रिकेतला मासा फिलिपिन्समध्ये 1950 साली आणि भारतात 1952 साली आणला गेला. आज आपल्या बाजारात तो सहज मिळतो. सुरमई-पापलेट कोकणातून घाट चढून येतात, त्यामुळे महाग पडतात. 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात तर ताजी मिळणंही अवघड. चिलापी मात्र आपल्याच नद्या-तलावांतली. रोहूच्या मानाने तिच्यात बारीक काटे कमी, म्हणून मुलांनाही बरी.

वाफवलेला मासा आपल्याकडे अगदी परका नाही. मुंबईच्या पारशी घरांतली 'पात्रानी मच्छी' केळीच्या पानात गुंडाळून वाफेवरच शिजते. फरक इतकाच की तिथे हिरवी चटणी लावतात, इथे मसाला जवळजवळ नाहीच.

साहित्य : साधारण अर्धा किलोची एक ताजी चिलापी, दोन इंच आलं, एक कांदा, एक टोमॅटो, दोन हिरव्या मिरच्या, चार लसूण पाकळ्या, कोथिंबीर, एक लिंबू, हळद, मीठ, दोन चमचे तेल.

कृती : विक्रेत्याकडून खवले आणि कल्ले काढून, पोट साफ करून घ्यावं, डोकं-शेपूट राहू द्यावी. पोटाच्या आत काळसर पातळ पडदा असतो, तो घरी खरवडून काढावा, म्हणजे उग्र वास कमी होतो. मीठ, हळद आणि अर्धं लिंबू चोळून मासा दहा मिनिटं ठेवावा, मग पुन्हा धुवावा. दोन्ही बाजूंना तीन-तीन तिरक्या चिरा देऊन थोडं मीठ लावावं. आल्याचे पातळ काप, कांदा, टोमॅटो आणि मिरची पोटात भरावी. उरलेलं खाली-वर पसरावं.

खोलगट ताटलीत केळीचं पान घालून त्यावर मासा ठेवावा. मोठ्या पातेल्यात पाणी उकळून, आत स्टँड ठेवून त्यावर ताटली ठेवावी आणि घट्ट झाकण लावावं. मोदकपात्र रुंद असेल तर तेही चालेल. पाणी उकळल्यावरच मासा आत जावा. मध्यम आचेवर बारा ते पंधरा मिनिटं पुरतात. जाड भागात, काट्याजवळ सुरी घालून पाहावी; मांस पांढरं होऊन सहज सुटलं की मासा शिजला. जास्त वेळ ठेवला तर कोरडा होतो. शेवटी तेलात लसूण लालसर करून वरून ओतावा, कोथिंबीर आणि लिंबू घालावं.

फिलिपिनो लोक यासोबत सोया सॉसही घेतात. काही सोया सॉसमध्ये अल्कोहोल घातलेलं असतं, म्हणून बाटलीवरचा मजकूर वाचूनच घ्यावा. आम्ही लिंबू-मिठावरच भागवतो आणि काही कमी वाटत नाही. ताटलीत साठलेला रस टाकू नये, तो गरम भातावर घ्यावा. तिखटाची सवय असलेल्यांनी बाजूला ठेचा ठेवावा.

घरात ज्यांना डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलं आहे, त्यांचं बेचव ताट वेगळं काढावं लागत नाही. दादीजान आणि नातवंडं एकाच ताटलीतून खाऊ शकतात. फक्त मीठ बेतानं घालावं आणि लहानग्यांचे काटे मोठ्यांनी काढून द्यावेत.

पण आम्हाला यातली मोठी गोष्ट ती पंधरा मिनिटं वाटतात. मासा झाकणाखाली शिजत असताना अम्मीला हात धुऊन, नमाज पढून निवांत बसता येतं. रमजानमध्ये मगरिबच्या अजानवेळी ती स्वयंपाकघरात नसून दस्तरखानावर असू शकते. अख्खा मासा मध्ये ठेवला की तुकड्या मोजाव्या लागत नाहीत. फक्त एक नियम पाळावा : ताटली मध्ये आली तरी जिनं रांधलं ती बसेपर्यंत कुणी बिस्मिल्लाह करू नये, आणि पोटाकडचा मऊ घास आधी तिच्या ताटात पडावा.