ओंडका कोणाच्या वाटेत?

नदीत पडलेला ओंडका अडथळा की आसरा, हे ठरवायचे कोणी? प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण अमेरिकेच्या वायव्येकडील वॉशिंग्टन आणि ऑरेगॉन या राज्यांत या एका प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराने कित्येक नद्या ओस पडल्या.

सॅमन मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला आपल्याच ओढ्याकडे परततो. वाट ओळखतो ती पाण्याच्या वासावरून. (आपल्या बाजारात रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण त्याचे कूळ निराळे.) नदीत शिरल्यावर तो खाणे जवळजवळ सोडतो आणि अंगातल्या चरबीवर प्रवाहाविरुद्ध झुंजत राहतो. अशा जिवाला दम खायला जागा नको का? उन्मळून पडलेल्या झाडामागे पाणी मंदावते, तळाशी डोह खणला जातो, वर सावली राहते. गळकरी गळ टाकतो तो नेमका तिथेच. गळ लाकडात अडकून तुटायची भीती असते, तरीही तिथेच. कारण मासा तिथे असतो.

माझे वडील गोदावरीत जाळे टाकतात. शाळेची पायरी त्यांनी चढलेली नाही. पण पडलेल्या बाभळीच्या आडोशाला मासा थांबतो, हे त्यांना ठाऊक आहे. तीच गोष्ट मी ग्रंथालयात मोठ्या थाटाच्या भाषेत वाचली, तेव्हा खरे सांगायचे तर आनंदापेक्षा रागच अधिक आला.

राग अशासाठी की, तिकडच्या सरकारी खात्यांनी साधारण १९५० ते १९८० च्या दशकांत ओढ्याओढ्यांतून ओंडके उपसून काढले. हेतू चांगला होता. माशांची वाट मोकळी व्हावी, एवढाच! त्याआधी लाकूड व्यापाऱ्यांनी आणखी कहर केला होता. ते ओढ्यावर तात्पुरता बांध घालून पाणी तुंबवीत आणि एकदम सोडून देत. त्या लोंढ्याबरोबर तोडलेले लाकूड खाली जाई आणि तळाचे गोटेही खरवडून जात. सॅमन अंडी घालतो ती त्या गोट्यांतच.

कोळी तेवढे शहाणे आणि साहेब तेवढे अडाणी, असेही मी म्हणणार नाही. कोलंबिया नदीवर वाहती जाळी लावणारे मच्छीमार एकत्र येऊन बुडालेले ओंडके स्वतःच काढीत, कारण जाळी फाटत. पोटापुढे कोणाचे चालते? पण जाळ्याच्या वाटेतला एक ओंडका काढणे वेगळे आणि कागदावर नियम करून अख्खी नदी झाडून काढणे वेगळे.

आता तीच खाती नदीत पुन्हा ओंडके बसवीत आहेत, कधी चक्क हेलिकॉप्टरने! करदात्याच्या पैशाने काढले, करदात्याच्याच पैशाने घातले.

खरा अडथळा कोणता, हे पाहायचे तर एल्व्हा नदीकडे पाहावे. तिथे १९१३ साली पहिले धरण पूर्ण झाले, १९२७ साली दुसरे. माशांना वर जायला एकातही वाट ठेवली नव्हती. लोअर एल्व्हा क्लॅलम या आदिवासी जमातीचे जीवन या माशावर उभे होते. त्यांना कोणी विचारले? २०११ ते २०१४ या काळात दोन्ही धरणे काढण्यात आली. आज त्या नदीत ओंडक्यांचे बंधारे रचण्याच्या कामात ही जमातच पुढे आहे, आणि तिच्या पदरी स्वतःचे मत्स्यशास्त्रज्ञ आहेत. मला महत्त्वाचे वाटते ते हे. शिक्षण नदीकाठच्या माणसाच्या हाती आले की तो ओंडक्याकडे बापाच्या डोळ्यांनीही पाहतो आणि पुस्तकाच्याही. आमच्यासारख्या, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्यांनी पदवी घेऊन फक्त नोकरीच्या रांगेत उभे राहावे, हे मला म्हणूनच पटत नाही.

धरणे निघाल्यावरही जमातीने कित्येक वर्षे त्या नदीत जाळे टाकले नाही. मासा वाढू दिला. २०२३ च्या ऑक्टोबरात त्यांनी थोडी मासेमारी सुरू केली, तीही विक्रीसाठी नव्हे; घरच्या ताटापुरती आणि विधींपुरती.