आगीला हद्द कळत नाही, आपल्या कायद्याला मात्र कळते



पोस्ट जरा मोठी आहे. पण वाशी, पारगाव, तेरखेडा, इंदापूर या पट्ट्यात तुमचं घर, रान, गोठा किंवा दुकान असेल तर पाच मिनिटं काढून वाचा.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या चुलत्यांच्या कडब्याच्या गंजीला आग लागली. दुपारचे दोन-अडीच वाजले असतील. वरून गेलेल्या तारांचं घर्षण झालं, ठिणगी पडली आणि बघता बघता बाराशे पेंढ्यांनी पेट घेतला. शेजारीच गोठा. पोरांनी दावी कापून जनावरं सोडली म्हणून ती वाचली. मी फोन लावत होतो. एका ठिकाणी सांगितलं, "हे आमच्या हद्दीत येत नाही." दुसऱ्या ठिकाणी विचारलं, "गाडीचं शुल्क कोण भरणार?" शेवटी शेजारच्या तालुक्यातून बंब निघाला. दीड तासानं पोचला, तोवर राख पण गार व्हायला लागली होती. बंबावरच्या माणसांची काहीच चूक नव्हती. बिचारे घामाघूम होऊन आले आणि उरलेल्या राखेवर पाणी मारून गेले.

त्या दिवशी मला "हद्द" हा शब्द फार टोचला. तेव्हापासून कायदा वाचायला लागलो. जे समजलं ते तुमच्यासमोर मांडतो.

मूळ राज्यघटनेपासून बघू. 1992 साली 73वी आणि 74वी घटनादुरुस्ती झाली. 74व्या दुरुस्तीनं शहरांसाठी बारावी अनुसूची आली. त्यात 18 विषय आहेत आणि त्यातला एक स्पष्टपणे अग्निशमन सेवा हा आहे. 73व्या दुरुस्तीनं ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषदेसाठी अकरावी अनुसूची आली. तिच्यात 29 विषय आहेत. शेती, पाणी, रस्ते, शाळा, वाचनालयं, बाजार आणि जत्रासुद्धा आहेत. आग विझवणं मात्र नाही. म्हणजे कागदावर शहरातल्या आगीला धनी आहे, खेड्यातली आग बेवारस आहे.

आता आपल्या राज्याचे कायदे बघा. 1965 च्या नगरपरिषदा, नगरपंचायती कायद्यात आग विझवणं आणि आगीच्या वेळी जीवित-मालमत्तेचं रक्षण करणं हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. पण ते तिच्या हद्दीपुरतं. वेशीबाहेरची वाडी, वस्ती, रान त्यात येत नाही.

मग आला महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006. तो 6 डिसेंबर 2008 पासून लागू झाला. कायदा वाईट नाही. इमारतीचा मालक किंवा ताबेदार यानं अग्निसुरक्षेची साधनं बसवायची, ती चालू ठेवायची, परवानाधारक एजन्सीकडून तपासून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, तसं प्रमाणपत्र द्यायचं. बांधकाम परवानगीच्या वेळी अग्निशमन सेवा शुल्क भरायचं. शहरातल्या टॉवरसाठी, मॉलसाठी, दवाखान्यांसाठी हे गरजेचंच आहे.

पण या कायद्याचा जीव इमारतीत आहे. 2023 साली दुरुस्ती झाली, तेव्हाही चर्चा इमारतींची, उंचीची, शुल्काची आणि तपासणीचीच झाली. पैसाही तिथूनच येतो. बांधकाम जितकं मोठं तितकं शुल्क जास्त. पुण्या-ठाण्यात एकेक प्रकल्प किती शुल्क भरत असेल याचा अंदाज करा. आपल्या तालुक्यात पत्र्याचं शेड, गोठा, कडब्याची गंज आणि उभा ऊस यांच्यावर कसलं शुल्क आणि कसला निधी? जिथं टोलेजंग इमारती, तिथंच बंब घ्यायची ऐपत. अशी ही व्यवस्था आहे.

तरी आपल्याकडे धोका कमी आहे का? एकेक बघा.

पहिला तेरखेडा. तेरखेड्याचे फटाके राज्यभर जातात. शेकडो घरांची चूल त्यावर पेटते, हे मान्यच. पण स्फोट झाल्याच्या, मजूर भाजल्याच्या बातम्याही आपण वर्षानुवर्षं वाचतो. स्फोटकांचे नियम केंद्राचे आहेत, त्यांच्या यंत्रणेचं मुख्यालय नागपूरला. लहान परवाने जिल्हाधिकारी कार्यालयातून. परवाना देणारी यंत्रणा आहे. पण स्फोट झाल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत तिथं कोण पोचणार, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय?

दुसरा महामार्ग. सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 52 आपल्या तालुक्यातून जातो. रात्रंदिवस टँकर, कंटेनर, ट्रॅव्हल्स पळतात. केबिनमध्ये अडकलेल्या ड्रायव्हरला पत्रा कापून बाहेर काढायचं कटर किती जवळ आहे, यावर त्याचा जीव ठरतो. आपल्याकडे हे काम गावातली पोरं कुऱ्हाडी आणि पहारीनं करतात.

तिसरा पूर. 2025 चा सप्टेंबर अजून डोळ्यासमोर आहे. भूम, परांडा, वाशी तिन्ही तालुके पाण्याखाली. परांडा-भूम भागात लोकांना काढायला एनडीआरएफ आणि लष्कराचं हेलिकॉप्टर आणावं लागलं. त्या जवानांना सलाम. पण एनडीआरएफची आपल्याला जवळची बटालियन पुण्याला, राज्याच्या एसडीआरएफच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला. ते येईपर्यंतचे तास कुणाच्या भरवशावर काढायचे? त्या रात्री दोर आणि ट्रकच्या ट्यूबा घेऊन उतरले ते गावातलेच लोक. 1993 ला किल्लारी-सास्तूरच्या भूकंपातही मातीखालून पहिली माणसं काढली ती शेजाऱ्यांनीच. तीस वर्षांनंतरही तेच चाललंय.

आता कुणी म्हणेल, सगळीकडे असंच असतं. नाही. उमरग्याच्या पलीकडे सीमा ओलांडा. कर्नाटकात अग्निशमन हे राज्य सरकारचं खातं आहे, त्यांचा कायदाच 1964 चा. गोव्यातही राज्याचं संचालनालय आहे आणि त्याचं नावच अग्निशमन व आपत्कालीन सेवा. आग, अपघात, पूर, विहिरीत पडलेलं जनावर, सगळ्याला तेच धावतात. आपल्या राज्यात मात्र हे काम पालिकांवर सोडलंय. एमआयडीसीचे बंब आहेत, पण ते औद्योगिक वसाहतींसाठी. साखर कारखान्याचा बंब असतो, तो त्यांच्या मेहेरबानीवर.

आणि आपल्याच राज्यात दुसरं उदाहरण आहे. 2014 साली 937 गाड्यांनिशी 108 रुग्णवाहिका सुरू झाली. तिच्यातही त्रुटी आहेत, उशीर होतो, तक्रारी आहेत. पण 108 ला फोन केल्यावर कुणी विचारत नाही, "पेशंट ग्रामपंचायतीचा की नगरपंचायतीचा?" 112 ला फोन केला तर पोलीस विचारत नाहीत, "शुल्क कोण भरणार?" मग आगीच्याच बाबतीत हा प्रश्न का?

केंद्रानं 2019 ला अग्निशमन व आपत्कालीन सेवांचा नमुना कायदा तयार करून सगळ्या राज्यांना पाठवला. 2023 ला अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी आणि आधुनिकीकरणासाठी देशभरात 5,000 कोटींची योजना आणली, आपल्यासारख्या राज्यानं 25 टक्के वाटा टाकायचा. 2025 ला आपत्ती व्यवस्थापन कायद्यात दुरुस्ती झाली. तिच्यात राजधानीच्या आणि महापालिका असलेल्या शहरांसाठी वेगळं प्राधिकरण काढायची सोय झाली. पुन्हा शहरच. तालुका कुठंय?

मला दोन आक्षेप ठाऊक आहेत, ते लपवत नाही.

पहिला, "रोज काही आग लागत नाही. चोवीस तास माणसं कशाला पोसायची?" उत्तर सोपं आहे. फक्त आगीसाठी पोसू नका. तीच तुकडी अपघाताला जाईल, पुरात उतरेल, शाळेत आणि फटाका कारखान्यात प्रशिक्षण देईल. एवढी कामं दिली तर रिकामी बसायला वेळच मिळणार नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. "सगळं राज्याकडे दिलं तर भरती मुंबईत अडकेल, नळी फाटली तरी फाईल मंत्रालयात जाईल." खरंय. म्हणून मी पालिकांकडून सगळं काढून घ्या असं म्हणत नाही. पदं आणि पगार राज्याचे असावेत, ताबा जिल्ह्याचा असावा आणि ठाणं स्थानिक असावं. बंब मिळणं सोपं असतं, उद्घाटनाला नारळ फुटतो, फोटो येतो. पण शिकलेला चालक, फायरमन, डिझेल, दुरुस्ती यांची तरतूद नसेल तर दोन वर्षांत ती गाडी भिंतीला टेकून उभी राहते. आपण सगळ्यांनी अशा गाड्या पाहिल्यात.

माझ्या मते मागण्या चारच असाव्यात:

1. राज्याच्या कायद्यात ग्रामीण भाग स्पष्ट शब्दांत यावा. कुठलंही गाव कुठल्या ना कुठल्या ठाण्याच्या जबाबदारीत असलंच पाहिजे.

2. ठाणं पालिकेची हद्द बघून नको, अंतर आणि धोका बघून द्या. तो निकष लावला तर महामार्ग आणि तेरखेडा, दोन्हीसाठी आपल्या तालुक्याचा नंबर आधी लागतो.

3. शहरातल्या अग्निशमन शुल्कातला काही हिस्सा ग्रामीण ठाण्यांसाठी राखून ठेवा. शहराचं धान्य, दूध, साखर आमच्या रानातून जाते. रान जळाल्यावर निदान पाणी तरी तिकडून येऊ द्या.

4. आगीच्या, अपघाताच्या वेळी "हद्द कुणाची, पैसे कोण देणार" हा प्रश्न विचारायला कायद्यानंच बंदी घाला. हिशोब दोन कार्यालयांनी मागून करावा. जळणाऱ्या माणसासमोर करू नये.

तोपर्यंत आपल्या हातात जे आहे ते करू. पाण्याचे टँकर कुणाकडे आहेत, फवारणीचे मोठे पंप कुणाकडे आहेत, जवळच्या कारखान्याचा बंब कुठं असतो, याची यादी प्रत्येक ग्रामपंचायतीनं फळ्यावर लावावी. कडब्याची गंज तारांखाली आणि गोठ्याला चिकटून रचू नये. लोंबकळणाऱ्या तारांचा अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. ग्रामसभेत वरच्या चार मागण्यांचा ठराव घेऊन तो तहसीलदारांना आणि आमदारांना पाठवावा. एका गावचा ठराव फायलीत जातो, पण तालुक्यातल्या सगळ्या गावांचे ठराव एका आठवड्यात पोचले तर दखल घ्यावीच लागते.

आणि पुढच्या वेळी कुणी मत मागायला दारात आलं, मग पक्ष कुठलाही असो, एकच प्रश्न विचारा: "दादा, आमच्या वस्तीला आग लागली तर गाडी कुठून येणार आणि किती मिनिटांत?" उत्तर मिनिटांत आलं पाहिजे. "बघू, करू" असं आलं तर समजून जा.

चुलत्यांनी दुसऱ्या दिवशी पंचनामा करून घेतला. कडब्याचे पैसे मिळतील न मिळतील. पण त्या दिवशी वारा गोठ्याकडं असता, किंवा ती गंज घराला लागून असती, तर पंचनाम्यात वेगळीच नावं लिहावी लागली असती.

तुमच्या गावात असा अनुभव आला असेल तर खाली लिहा. गाव, महिना आणि गाडी यायला लागलेला वेळ एवढंच लिहा, कुणाला शिव्या नकोत. ती यादी घेऊन मी स्वतः तहसीलला जाणार आहे. पटलं तर पुढे पाठवा, नाही पटलं तर कॉमेंटमध्ये भांडा. पण वाचून गप्प बसू नका.