एकाच पंथाचे वैरी

पश्चिम आशियातील कोणत्याही संघर्षाला ‘शिया विरुद्ध सुन्नी’ असे लेबल लावून मोकळे होण्याची सवय आपल्या वृत्तपत्रांना आणि, खरे सांगायचे तर, आपल्या चर्चासत्रांनाही जडलेली आहे. सौदी अरेबिया आणि इराण यांच्या वैरापुरते ते काही अंशी चालून जाते. पण ५ जून २०१७ रोजी सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहरीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले, तेव्हा काय? कतारचे राजघराणे सुन्नी; इतकेच नव्हे, तर सौदीप्रमाणे वहाबी परंपरेतले. दोह्यातील राष्ट्रीय मशिदीला महंमद इब्न अब्द अल-वहाब यांचेच नाव आहे.

या भांडणाच्या मुळाशी मोठ्या प्रमाणात ‘मुस्लिम ब्रदरहूड’ ही संघटना होती. हसन अल-बन्ना या शाळामास्तराने १९२८ मध्ये इजिप्तमधील इस्माइलियात ती स्थापन केली. १९५४ मध्ये नासरने तिच्यावर वरवंटा फिरवला आणि परागंदा झालेल्या अनेकांना सौदी राजवटीने आश्रय दिला. नव्या शाळा-विद्यापीठांना शिक्षक हवे होते. शिवाय नासरच्या अरब राष्ट्रवादाला धर्माच्या भाषेत उत्तर देणारी माणसे हवी होती. या चळवळीचा सर्वांत प्रभावी विचारवंत सय्यद कुत्ब हा मुळात साहित्यसमीक्षक; नजीब महफूझची थोरवी आरंभीच ओळखणाऱ्यांपैकी एक. १९६६ मध्ये तो फासावर गेला. त्याचा भाऊ पुढे सौदीत अध्यापन करू लागला. (कुत्बवर ज्यांचा ठसा होता ते मौलाना मौदुदी १९०३ मध्ये औरंगाबादेत जन्मले, हे आपल्याकडे फारसे कुणी आठवत नाही.)

बिनसले ते १९९० नंतर. कुवेतच्या युद्धासाठी अमेरिकन सैन्य सौदी भूमीवर आले आणि आक्षेप उठला तो राजवटीच्याच धर्मभाषेत. माझ्या मते खरी मेख इथे आहे. इराणचे आव्हान बाहेरचे, परपंथाचे म्हणून परतवता येते. ब्रदरहूड मात्र इस्लामच्या नावाने राज्य करण्याचा अधिकार कुणाला, हा राजघराण्यांचाच प्रश्न उचलते आणि त्याचे उत्तर वंशात न शोधता संघटनेत आणि मतपेटीत शोधते.

कतारला ही भीती का वाटली नाही? युसुफ अल-करदावी १९६१ पासून दोह्यात होते. १९९६ मध्ये सुरू झालेल्या अल-जझीराने त्यांचा आवाज अरबजगतात घरोघरी पोचवला. पण कतारमधील ब्रदरहूडची शाखा १९९९ मध्ये स्वतःहूनच विसर्जित झाली होती. थोडक्यात, कतारचे औदार्य निर्यातीपुरते होते! अमिरातीत मात्र ‘अल-इस्लाह’च्या रूपाने ही चळवळ घरातच होती. २ जुलै २०१३ रोजी तिथल्या न्यायालयाने तिच्याशी संबंधित खटल्यात ६९ जणांना दोषी ठरवले. दुसऱ्याच दिवशी कैरोत लष्कराने मोर्सींना पदच्युत केले आणि काही दिवसांतच सौदी, अमिराती व कुवेत यांनी नव्या राजवटीला १२ अब्ज डॉलरचे साहाय्य जाहीर केले. मोर्सींच्या वर्षभरात अब्जावधी ओतणारे कतार होते. घरातला धाक एकाला जसा दिसला आणि दुसऱ्याला जसा दिसला नाही, तसतसे त्यांचे परराष्ट्र धोरण घडत गेले.

याचा अर्थ ब्रदरहूड लोकशाहीचा निष्पाप वारकरी होता असा नव्हे. नोव्हेंबर २०१२ मध्ये मोर्सींनी आपले आदेश न्यायालयांच्या आवाक्याबाहेर नेऊन ठेवले, हे विसरता येत नाही. पण १४ ऑगस्ट २०१३ रोजी रबाआ चौकात शेकडो निदर्शक मारले गेले, त्याचे समर्थन त्यातून निघत नाही. आणि ‘पंथांचे प्राचीन वैर’ या सोयीच्या शब्दांत तर त्या मृतांना जागाच उरत नाही, कारण मारणारे आणि मरणारे दोघेही सुन्नीच होते.

२०१७ च्या १३ मागण्यांत अल-जझीरा बंद करा, इराणशी संबंध आवरा, या मागण्या होत्या. घडले उलटेच: कोंडी झालेल्या कतारच्या विमानांना इराणने आपले आकाश खुले केले. जानेवारी २०२१ मध्ये अल-उला येथे समेट झाला. अल-जझीरा सुरूच राहिली. करदावींना इजिप्तच्या न्यायालयाने २०१५ मध्ये गैरहजेरीत फाशी सुनावली होती. २०२२ मध्ये ते वारले, दोह्यातच.