एक कोयता, दोन ताटे

'सहल' हा शब्द आमच्या घरात फक्त शाळेच्या संदर्भात येई. गुरुजींनी सहलीची वर्गणी मागितली की आई म्हणे, "पुढच्या वर्षी जा." ते पुढचे वर्ष काही आले नाही. म्हणून गेल्या एप्रिलमध्ये मी आई-आबांना दोन दिवस नुसते कोल्हापूर पाहायला आणि तिथले खायला पाठवायचे ठरवले, तेव्हा भावकीत हसू झाले. "म्हातारपणी हौस सुटली व्हय?" असे एका काकूंनी विचारले. आईचे वय ४१ आहे. त्या हसण्यालाच हे उत्तर आहे.

वाचकहो, आमचे गाव जत तालुक्यात. आई-आबा ऊसतोडीला जातात. या धंद्यात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. आबा ऊस तोडतात; आई मोळ्या बांधते, डोक्यावरून ट्रॉलीपर्यंत नेते, आणि खोपीवर आल्यावर चूल पेटवते. मुकादमाच्या वहीत मात्र दोघांचे मिळून एकच नाव असते, आणि ते आईचे नसते. मी आजीजवळ राहून शिकले. तेव्हा जोडप्याने गाव सोडणे आमच्या घरी नवे नाही. दिवाळीनंतर आमची अर्धी आळी जोडप्यांनीच बाहेर पडते. कुणी हसत नाही. ती जोडपी राबायला जातात म्हणून हसत नाही. हीच जोडपी बघायला, खायला निघाली की हसू येते. याला काय म्हणावे?

कोल्हापूर जिल्ह्याच्या फडात इतके हंगाम काढूनही आईने कोल्हापूर शहर दोनदाच पाहिले होते. एकदा लग्नानंतर अंबाबाईला, टेंपोभर पाहुण्यांबरोबर. आणि एकदा पायावर कोयता बसला तेव्हा, दवाखान्यात.

'कमवा आणि शिका' योजनेत ग्रंथालयात काम करून मी २,४०० रुपये साठवले होते. मार्च २०२३ पासून एस. टी. मध्ये बायकांना अर्धे तिकीट आहे, त्याचा आधार झाला. शनिवारी दोघे निघाले. पहिल्या लॉजवाल्याने आईच्या हातातली बाजाराची पिशवी बघून "खोली नाही" म्हटले. दुसऱ्याने दिली. ही गोष्ट आबांनी मला सांगितली नाही, आईने सांगितली.

शनिवार म्हणून आबांना मटण वर्ज्य. तेव्हा पहिल्या दिवशी मिसळ. कोल्हापुरात मिसळीबरोबर पावाच्या स्लाइस देतात आणि कट संपला की पुन्हा वाढतात, याचे आबांना फार नवल वाटले. मग अंबाबाईचे दर्शन, भवानी मंडप आणि १८८४ मध्ये पुरा झालेला, काळ्या दगडाचा नवा राजवाडा. तिथल्या संग्रहालयात आबा शाहू महाराजांच्या छायाचित्रांपुढे बराच वेळ उभे राहिले. २६ जुलै १९०२ रोजी याच राजाने मागासलेल्या वर्गांसाठी आपल्या संस्थानात नोकरीच्या ५० टक्के जागा राखल्या आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, हे मी आबांना निघण्यापूर्वी सांगून ठेवले होते. संध्याकाळी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून दूध देतात. आईने आजवर घरच्या म्हशीचे दूध डेअरीला घातले. पेलाभर दूध स्वतःसाठी विकत घेऊन ती त्या दिवशी पहिल्यांदा प्याली.

रविवारी सकाळी आबा तिला खासबाग मैदानात घेऊन गेले. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधलेले हे कुस्तीचे मैदान. शेजारचे केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत जळाले, ते आबांनी लांबून पाहिले. मग पायऱ्यांवर बसून त्यांनी सांगितले की सोळाव्या वर्षी ते घरी न सांगता इथे कुस्ती बघायला आले होते. पहिलवान व्हायचे मनात होते. बावीस वर्षांच्या संसारात आईला हे ठाऊक नव्हते. खोपीत दोघे आठ हातांच्या अंतरावर राहतात, पण बोलायला तिथे वेळ कुणाला असतो?

दुपारी मटणाचे ताट घेतले. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुके मटण, भाकरी. दोन्ही ताटे एकदमच आली. आबा जेवू लागले. आई बसून राहिली. वाढणारा पोरगा म्हणाला, "मावशी, रस्सा गार होतोय." तरी तिचा हात चालेना. "ताट आयतं म्होरं आलं, तर हातच उचलंना," असे तिने मला सांगितले. शेवटी आबा खाली मान घालून म्हणाले, "खा की. सोबतच खाऊ." मग ती जेवली. पांढऱ्या रश्शात नारळाचे दूध आणि वाटलेली खसखस आहे, हे तिने पहिल्या घोटाला ओळखले आणि तीन वाट्या घेतल्या.

यावर काही आक्षेप येतील. उचल अंगावर असताना ही चैन कशाला? मी म्हणते, उचल दरवर्षीच अंगावर असते. ती फिटण्याची वाट पाहिली तर माझी आई कधीच ताटावर बसणार नाही. दुसरा आक्षेप, बायका देवाला जातात की! जातात, पण शिदोरी बांधून, वाटेत चूल मांडून, आणि देवाजवळ मागतात ते नवऱ्यासाठी नि लेकरांसाठी. तिसरा आक्षेप आमच्याच वर्गातला: खाण्यापिण्यावर काय लेख लिहायचा? गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी चहाचे हॉटेल काढून दिले आणि अस्पृश्याच्या हातचा चहा तिथे जाऊन स्वतः घेतला, चारचौघांना घ्यायला लावला. कोण कुणाच्या हातचे खातो, कोण आधी खातो, कोण शेवटी, हा प्रश्न त्या राजाला लहान वाटला नाही. आपल्याला का वाटावा?

एका सहलीने घर बदलते असे मी म्हणणार नाही. घरी आल्यावर आई पुन्हा सर्वांच्या मागून जेवू लागली. त्यात माझाही दोष आहे. मी स्त्रीमुक्तीवर वक्तृत्व स्पर्धेत बोलते, आणि रात्री चुलीपुढे बसून आईने भाजलेल्या गरम भाकऱ्या आधी खाते. हे मला कोल्हापूरच्या त्या वाढप्याने दाखवले. आता मी घरी असले की दोन ताटे घेते. ती रागावते, तरी घेते.

आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे, घरातले पहिलेच शिकणारे पुष्कळ आहेत. शिष्यवृत्ती मिळाली की आपण प्रथम मोबाईल घेतो. मित्रहो, त्यातले थोडे पैसे बाजूला ठेवा. ज्यांनी आपल्याला इथवर आणले त्यांना जवळच्याच एखाद्या शहरात दोन दिवस पाठवा. कामाला नको, देवाला नको, दवाखान्यात तर नकोच. नुसते पाहायला आणि आयते जेवायला.

परवा आईने विचारले, "पन्हाळा किती लांब हाय गं कोल्हापुरापासनं?" मी म्हटले, वीस किलोमीटर. ती काही बोलली नाही. पण आबांनी ऐकले आहे.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला